टॉप लिंकचा आटा चकाजवळ अडकतो, हाफ नट बदलूनही फरक नाही

आर्वीचा लेथवाला

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात आमचं लहान वर्कशॉप आहे. मशीन एकच, बाबांनी जुन्यात घेतलेला सहा फुटी लेथ. पट्ट्यावर चालणारा, कोन पुलीचा. लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूल ठरावीक चालीनं ओढणारा लांब स्क्रू, इंचाला ४ आट्यांचा. गाव कापूस-सोयाबीनचं, म्हणून काम म्हणजे ट्रॉलीच्या पिना, थ्रेशरचे शाफ्ट, पंपाचे बुश आणि पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या टॉप लिंकचे (अवजार वरून ट्रॅक्टरला जोडणाऱ्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या दांड्याचे) स्क्रू.

टॉप लिंकला एका टोकाला उजवा आटा असतो अन् दुसऱ्या टोकाला डावा, हे सगळ्यांना माहीत आहे. पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर, ३ मि.मी., आट्याची लांबी २०० मि.मी. आता आमचं दुखणं सांगतो.

उजव्या स्क्रूवर नट टेलस्टॉककडच्या (काम पकडणाऱ्या चकाच्या समोरच्या) टोकापासून छान जाते. शेवटचे दोन इंच राहिले, म्हणजे चकाकडचा भाग आला, की अडकते. पान्ह्यानं फिरवा लागते. डाव्या स्क्रूवर तर वेगळाच तमाशा. सुरुवातीचे दोन-तीन आटे खराब येतात, कधी दुहेरी पडतात, आणि आट्याची एक बाजू फाटल्यासारखी दिसते.

सगळे म्हणाले हाफ नट (लीड स्क्रूला धरून टूल ओढणारं दोन फाकांचं नट) गेलं. म्हणून गनमेटल ओतून आणलं, नवीन हाफ नट बनवलं, दोन दिवस मशीन बंद ठेवली. फरक काहीच नाही. मृग जवळ आला आहे, पाच लोकांच्या लिंका दुकानात पडून आहेत, रोज कोणी ना कोणी विचारून जाते. लीड स्क्रूच नवीन करा लागेल काय? तो खर्च आम्हाला आत्ता झेपणारा नाही. जाणकारांनी मार्ग सांगावा.

धानाचा माणूस

गोंदियाकडे राइस मिलच्या कामात आमच्या लेथचं पण असंच झालं होतं. तेव्हा स्पिंडलची बेअरिंग ढिली निघाली होती. चकाखाली लाकडी दांडा घालून वर उचलून पाहा, डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं गेज) लावून. काटा हलला तर तिथूनच सुरुवात करा.

आर्वीचा लेथवाला

भाऊ, ते पाहिलं. काटा दोन शतांशही (०.०२ मि.मी.) हलत नाही. मागच्या वर्षीच बेअरिंग टाकल्या आहेत.

जुना टर्नर

बेटा, मी नागपूरच्या एका कारखान्यात ३१ वर्षं लेथवर काढली. तुझी पोस्ट दोनदा वाचली. मला वाटते तुझ्या मशीनला दोन वेगळे आजार आहेत, आणि तू दोन्हीवर एकच औषध दिलं.

हाफ नटमध्ये थोडा लूज असला म्हणून आटा बिघडत नाही. कापताना नट लीड स्क्रूच्या एकाच बाजूला टेकून राहते, दुसऱ्या बाजूला फट असली तरी तिचं काही चालत नाही. नुसत्या ढिलाईनं पिच बदलत नसते. म्हणून कोणी "हाफ नट गेलं" म्हटलं की मी आधी विचारतो, लीड स्क्रू स्वतः मागेपुढे सरकतो का?

हे असं पाहा. मशीन बंद कर. लीड स्क्रूच्या टोकाला डायल लाव. हाफ नट बंद करून सॅडलचं (बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, टूल घेऊन सरकणाऱ्या भागाचं) चाक एकदा इकडे, एकदा तिकडे दाब. काटा किती फिरते ते लिहून इथं टाक. गिअर बॉक्सच्या बाजूला लीड स्क्रूवर कॉलर असते, मागे दोन लॉक नट असतात. तिथलं वॉशर झिजलं की पूर्ण स्क्रूच आगगाडीच्या डब्यासारखा पुढेमागे जाते.

आणि चार प्रश्न. १२७ दात्यांचं गिअर आहे का? नट पूर्ण बसल्यावर अडकते की चढतानाच? साधं टर्निंग करताना पण हाफ नटच लावता का? डाव्या आट्यासाठी टूल कोणतं?

आर्वीचा लेथवाला

काका, मोजलं. ०.६ मि.मी. फिरते. मला वाटलं नव्हतं एवढं असेल.

१२७ चं गिअर नाही. बाबा ६३ चं वापरतात, ६३/८० आणि ६०/१०० असा संच. नट पूर्ण चढते, बराच वेळ बरोबर चालते, मग चकाजवळ अडकते. साधं टर्निंग हाफ नटवरच होते. लीड स्क्रूला लांब खाच आहे, तिच्यावर फीड (साध्या टर्निंगला टूलची आपोआप चाल) चालायचा, पण एप्रनमधला (सॅडलच्या पुढच्या पेटीतला) तो लिव्हर तुटून बारा-तेरा वर्षं झाली. डाव्या आट्याला उजव्याचंच टूल लावतो.

निदेशक

आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक आहे, त्यामुळे गिअरबद्दल मी बोलतो, म्हणजे ती शंका मिटेल.

एक इंच म्हणजे २५.४ मि.मी. आणि २५.४ ला ५ ने गुणलं की १२७. इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचा नेमका आटा पाडायला म्हणूनच १२७ दात्यांचं गिअर लागतं. तुमच्या ४ आट्यांच्या स्क्रूवर ३ च्या पिचला नेमकं गुणोत्तर ६०/१२७ येतं, म्हणजे ०.४७२४. तुमच्या बाबांचा संच ०.४७२५ देतो. ही चूक ८ मीटरमागे १ मि.मी. एवढीच आहे. २०० मि.मी.च्या स्क्रूत ती अडीच शतांशाच्या आसपास येईल, म्हणजे ०.०२५ मि.मी. बाबांचा हिशेब पक्का आहे, गिअरवर संशय घेऊ नका.

काकांनी "चढतानाच अडकते का" हे का विचारलं तेही सांगतो, कारण नवीन मुलं नेमकं हेच चुकतात. पिच सगळीकडे सारखीच चुकली असेल तर नट पहिल्या काही आट्यांतच घट्ट होते. एकदा पूर्ण नट आत गेली की पुढे चूक वाढत नाही, कारण नटच्या लांबीत बसणारे आटे तेवढेच राहतात. पूर्ण चढून, दीडशे मि.मी. मोकळी चालून, मग ठरावीक जागी अडकणं म्हणजे त्या जागेचा दोष. तिथली पिच वेगळी आहे किंवा तिथला व्यास जास्त आहे. मला तर व्यासावरच संशय आहे.

मोजायचं असं. सायकलच्या स्पोकचे तीन सारखे तुकडे कापा. आट्याच्या खाचेत दोन एका बाजूला, एक समोरच्या बाजूला ठेवा आणि वरून मायक्रोमीटर लावा. स्पोक साधारण २ मि.मी.चा असतो, ३ च्या पिचला चालतो. खरा आकडा काय यायला हवा ते सोडून द्या. टेलस्टॉककडचा आणि चकाकडचा, दोन्ही आकड्यांतला फरक तेवढा सांगा.

आणखी एक. मिलिमीटरचा आटा इंची लीड स्क्रूवर पाडताना हाफ नट मधे उघडता येत नाही. टूल बाहेर काढून मोटार उलटी फिरवूनच परत यावं लागतं. तसंच करता ना?

आर्वीचा लेथवाला

हो सर, मोटार उलटीच फिरवतो. स्पोक आज संध्याकाळी लाइन आली की लावतो.

वरुडची संत्री

दादा, आमचं दुकान वरुडला. बागेच्या फवारणी पंपांची अन् बोअरच्या मोटारींची कामं. बाबा गेल्यापासून मीच चालवते. तुमचं मोजमाप होईपर्यंत एक विचारते, बेडवर तेल कोणतं टाकता?

आमच्याकडे आधी ट्रॅक्टरचं निघालेलं जळकं ऑइल टाकायचे. फुकटात मिळते म्हणून. त्यात काजळी असते, लोखंडाची बारीक भुकटी असते. ते तेल नाही, घासायचं कागद पातळ करून ओतल्यासारखंच आहे. मी ते बंद केलं आणि ६८ नंबरचं स्लाइडचं तेल आणते. एक डबा लय दिवस पुरते.

धानाचा माणूस

ताई, आमच्याकडे चाळीस वर्षं जळकंच ऑइल चाललं, मशीन अजून उभी आहे.

वरुडची संत्री

भाऊ, उभी असेल. बेडवर चकाजवळ बोट फिरवून पाहा, पायरी लागते की नाही.

आणि आपल्याकडची आणखी एक सवय. आटे पाडताना जवसाचं तेल लावतात, कारण घरी असते. कापायला ते चांगलं आहे, टूल गुळगुळीत चालते. पण जवसाचं तेल वाळून चिकट होते, रंगात तेच तर टाकतात. काम झाल्यावर ते बेडवर अन् गिबच्या (स्लाइडची ढिलाई काढणाऱ्या पट्टीच्या) फटीत राहिलं की चिकटा बसते आणि त्याच्यात कापसाचे बारीक तंतू धरते. मग स्लाइड जड चालते, माणूस समजते गिब घट्ट आहे, गिब ढिली करते, आणि पुढचा आटा थरथरते. जवस लावा, पण दिवसाच्या शेवटी रॉकेल-डिझेलनं पुसून घ्या आणि वरून बेडचं तेल द्या.

धानाचा माणूस

पाहिलं ताई. पायरी लागते. चांगली नखात अडकते.

आर्वीचा लेथवाला

सर, काका, आकडे घ्या.

टेलस्टॉककडे आणि मधात आकडा जवळजवळ सारखा. चकाकडे ०.१४ मि.मी. जास्त. ५० आट्यांची लांबी व्हर्नियरनं मोजली तर १५०.०५ आली.

म्हणजे पिच बरोबर, जाडी जास्त! लीड स्क्रू निर्दोष निघाला काय?

जुना टर्नर

निर्दोष. आता बेडकडे ये.

तुमच्या लेथला सॅडलच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला असतील आणि टेलस्टॉकच्या आतल्या. टेलस्टॉक चकाजवळ फारसं जात नाही, म्हणून आतली पट्टी तिथं कमी झिजते. मॅग्नेटिक स्टँड सॅडलवर पुढच्या बाजूला ठेव, डायलचं टोक आतल्या सपाट पट्टीवर टेकव. पट्टी आधी स्वच्छ पुसून घे. मग सॅडल टेलस्टॉककडून चकाकडे हळू आण. काटा कुठं बदलते आणि किती, ते सांग.

आर्वीचा लेथवाला

शेवटच्या आठ-नऊ इंचात उतरत जाते, चकापाशी ०.१ मि.मी. खाली. काका, ०.१ खाली गेलं तर जाडी ०.१४ कशी वाढेल? टूल एवढंसं खाली गेल्यानं तर काहीच फरक पडायला नको.

निदेशक

प्रश्न अगदी योग्य आहे. टूल नुसतं सरळ खाली गेलं असतं तर खरंच फरक पडला नसता. पण झीज पुढच्या पट्टीवर जास्त असते, मागच्या पट्टीवर कमी. म्हणून सॅडल तुमच्याकडे कलतं. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा एक पाय थोडा खचला तर वरचं टोक किती सरकतं, तसं. पट्ट्यांमधलं अंतर समजा २५० मि.मी. आणि सेंटरची उंची १७०. पुढची बाजू ०.१ खचली तर टूलचं टोक ०.१ × १७० ÷ २५० म्हणजे ०.०६८ मि.मी. कामापासून दूर जातं. व्यासात त्याचं दुप्पट, ०.१३६. तुमच्या स्पोकनं ०.१४ दाखवलं. तुमच्या मशीनची मापं घालून पाहा, फार दूर जाणार नाही.

आर्वीचा लेथवाला

पट्ट्या २४५, सेंटर १६५. हे वाचून अंगावर काटा आला सर. बाबांना दाखवलं, ते कागद घेऊन बसले आहेत.

मग आता? बेड ग्राइंड करायला मशीन नागपूरला न्या लागेल. ते दिवाळीनंतर.

जुना टर्नर

दिवाळीनंतरच कर. आत्ता बेडचा चांगला भाग वापर.

तुझी झीज चकापासून आठ-नऊ इंचातच आहे. मग आटा तिथं पाडूच नको. २५० मि.मी. लांबीचा एक जाड तुकडा घे, चकात पकड, पुढच्या टोकाला तिथंच फेस मारून सेंटरचं टोक वळवून घे, आणि बाजूला एक पिन ठोक. काम दोन सेंटरच्या मधे, पिनेनं कॅरियर (कामावर आवळलेली पकड) फिरेल. आटा आपोआप नऊ-दहा इंच टेलस्टॉककडे सरकते, जिथं बेड नवा आहे. लीड स्क्रूचाही न झिजलेला भाग वापरात येते. तुकडा चकातून काढला की पुढच्या वेळी टोकावर पुन्हा एक हलका हात मारा लागते, नाही तर सेंटर डोलते. हे विसरू नको.

गिब आवळून ही झीज भरायचा प्रयत्न करू नको. खूप लोक करतात. गिब झिजलेल्या जागेला बेतून आवळली की स्लाइड न झिजलेल्या जागी जाम होते. गिब नेहमी सर्वात घट्ट जागी बसवा लागते. लॉक नट ढिलं कर, स्क्रू हातानं टेकव, स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत चालव. जिथं जड लागेल तिथं थांबून आठवा हिस्सा फेरा मागे घे, मग लॉक नट धरून आवळ. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरते, त्यावर एक हात ठेव.

टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचं काय? चाक उलट फिरवल्यावर किती फेरा रिकामा जाते?

आर्वीचा लेथवाला

पाव फेऱ्याला थोडं कमी.

जुना टर्नर

जास्त आहे. आटे पाडताना टूल प्रत्येक वेळी मागे घेऊन पुन्हा त्याच आकड्यावर आणा लागते, म्हणून पुढे नेतच आकड्यावर थांबायचं. मागे येऊन थांबलं की आकडा खोटा. ही सवय असली तर पाव फेऱ्यातही काम होते, पण नट दुरुस्त कर. एकसंध गनमेटलचं असेल तर हॅकसॉनं मधात आडवी चीर पाड, पूर्ण तोडू नको. वरून एक ग्रब स्क्रू असा बसव की तो चिरेची दोन्ही तोंडं किंचित फाकवेल. आटे स्क्रूच्या दोन्ही बाजूंना टेकतात आणि लूज निघून जाते. स्क्रू मधातच जास्त झिजलेला असते, म्हणून टोकाला जड लागेल. थोडा लूज राहू दे.

आता डावा आटा.

उजव्या आट्यात टूल टेलस्टॉककडून येते. कामाच्या बाहेर मोकळी जागा असते, तिथं चालताना लीड स्क्रूचा ०.६ चा खेळ आणि हाफ नटची फट भरून निघते. टूल कामाला लागेपर्यंत सॅडल व्यवस्थित ओढली जात असते. डाव्या आट्यात टूल चकाजवळच्या खाचेतून निघून टेलस्टॉककडे जाते. तुझी खाच किती रुंद आहे?

आर्वीचा लेथवाला

टूल कसंबसं बसेल एवढी.

जुना टर्नर

तेच. काम फिरायला लागलं, पण सॅडल अजून हललं नाही, कारण खेळ भरला जात आहे. तेवढ्या वेळात टूल जागेवरच गोल रेघ पाडते. पहिले दोन-तीन आटे म्हणून खराब. लॉक नट आवळ, वॉशर नवीन टाक, आणि खाच दोन पिच जास्त रुंद कर.

फाटलेली बाजू टूलमुळे आहे. तुझ्या जाडीवर ३ च्या पिचचा आटा साधारण दोन अंशांनी तिरका चालते. टूलच्या ज्या बाजूनं ते पुढे जाते तिथं क्लिअरन्स (टूल घासू नये म्हणून घासून ठेवलेली मोकळीक) जास्त लागते. उजव्याला डाव्या बाजूनं, डाव्याला उजव्या बाजूनं. तू उजव्याचंच टूल लावलं, म्हणून पुढची बाजू कापायच्या ऐवजी घासून राहिली होती. दोन टूल वेगळे ठेव, दांड्यावर रंग लाव.

वरुडची संत्री

काका, हे मला माहीत नव्हतं. माझे डावे आटे पण खरखरीत येतात आणि मी मालाला दोष देत होते. उद्याच टूल घासते.

निदेशक

एक सूचना सगळ्यांना, कारण खाचेजवळ काम म्हणजे चकाजवळ हात. स्पोक, व्हर्नियर, गेज, काहीही लावताना मशीन पूर्ण थांबलेली हवी. उन्हामुळे आपण गळ्यात दुपट्टा ठेवतो, तो काढून ठेवा. हातमोजे लेथवर नकोत. दोन सेंटरमधल्या कामात कॅरियरचं शेपूट बाहेर फिरत असतं, बाही अडकली तर सोडत नाही.

आर्वीचा लेथवाला

पाच दिवसांनी लिहून राहिलो, माफ करा. दोन दिवस दुपारी लाइनच नव्हती.

लीड स्क्रूचं वॉशर काढलं तर एका बाजूनं कागदासारखं पातळ झालेलं. फॉस्फर ब्रॉन्झचं नवीन वळवलं. लॉक नट आवळून आता डायलवर ०.०४. त्यापेक्षा आवळलं तर स्क्रू हातानं जड फिरते, म्हणून तिथंच थांबलो.

काकांनी सांगितलेला तुकडा बनवला. पहिला स्क्रू उजवा. स्पोक लावले, दोन्ही टोकांत फरक ०.०२. नट बोटानं टिचकी मारली की शेवटपर्यंत जाते. बाबांनी ती नट पाच-सहा वेळा पुढेमागे फिरवली, काही बोलले नाहीत, आणि बाहेर जाऊन चहा सांगून आले.

डावा स्क्रू नवीन टूलनं, खाच ८ मि.मी. केली. पहिल्या आट्यापासून स्वच्छ. पाचही लिंका काल गेल्या. ज्यांची पेरणी सगळ्यात आधी आहे त्यांची लिंक मी स्वतः मोटारसायकलवर नेऊन दिली.

एप्रनचा तुटलेला लिव्हर पण काढला आहे. त्याची पिन गेली होती, फक्त पिन. बारा वर्षं त्या पिनेपायी आम्ही साध्या टर्निंगला हाफ नट लावत होतो. आता खाचेवरचा फीड सुरू होईल आणि लीड स्क्रूचे आटे फक्त आट्यांसाठीच.

एक राहिलं. सॅडलच्या टोकाला नमद्याचे (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे) पुसणी-तुकडे असायचे, ते केव्हाच नाहीसे झाले. आमच्या इथून जिनिंग जवळ आहे, हंगामात कापसाचे तंतू उडतच राहतात. नमदा इकडे कुठं मिळेल?

वरुडची संत्री

दादा, भजनी मंडळाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा. पेटीच्या पट्ट्यांखाली नमदा लागतो, त्यांच्याकडे तुकडे पडलेले असतात. पातळ असेल, दोन-तीन थर एकावर एक ठेवून वरून पत्र्याची पट्टी स्क्रूनं दाबा. बसवायच्या आधी रात्रभर तेलात भिजवा. कोरडा बसवला तर तोच बेडवरचं तेल पिऊन टाकते. आणि महिन्यातून एकदा काढून डिझेलमध्ये धुवा, आत अडकलेला लोखंडाचा बुरादा बाहेर निघते.

जुना टर्नर

पुढच्या बाजूचा आधी बसव. तिथंच चकाकडून बुरादा येते.